सतराचा पाढा आणि ब्याण्णवचा आकडा

घड्याळबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. दर पाच मिनिटांनी समोरच्या माणसाच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं, यंत्रात घालायचं, साखरेचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. असं सलग दोन तास. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाचं घड्याळ होणारच. दूध गॅसवर ठेवून त्या अंगणात कपडे वाळत घालायला जात आणि उतू जायच्या बरोबर अर्धं मिनिट आधी स्वयंपाकघरात हजर होत. नवरा म्हणायचा, "हिला किल्ली कोण देतं ते मला अजून कळलेलं नाही."

हे काम काय आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे खोळंबा नको. आपण खातो, रक्तात साखर येते, आणि इन्सुलिन पेशींच्या दारावर थाप मारून सांगतं, दार उघडा, साखर आत घ्या. काहींच्या पेशी पहिल्या हाकेला ओ देतात. काहींच्या पेशी ढिम्म हलत नाहीत, दहा हाका माराव्या लागतात. लठ्ठ माणसांत आणि मधुमेह झालेल्यांत हा बहिरेपणा पुष्कळदा सापडतो, पण किती, ते वरून बघून कळत नाही. मोजावं लागतं. मोजायची रीत अशी: माणसाला उपाशीपोटी खाटेवर झोपवायचं. एका दंडात दोन नळ्या; एकीतून इन्सुलिन सारख्या वेगाने जात राहणार, दुसरीतून साखरेचं पाणी. इन्सुलिन साखर उतरवू बघतं, आपण तितकीच साखर आत सोडून आकडा नव्वदच्या आसपास रोखून धरायचा. ज्याला जास्त साखर द्यावी लागते त्याच्या पेशी तिखट कानाच्या. ज्याला थेंबभर पुरते त्याच्या बहिऱ्या. आणि ही सगळी तारेवरची कसरत ज्या आकड्याच्या भरवशावर चालते, तो आकडा दुसऱ्या हाताच्या रक्तातून येतो. तो हात एका ऊबदार पेटीत ठेवलेला असतो, म्हणजे शिरा फुगून राहतात.

तो दुसरा हात घड्याळबाईंचा. म्हणजे त्याची जबाबदारी त्यांची.

बाई स्वतः नव्वद किलोच्या पुढे होत्या आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही सांगायला गेलं तर सांगणाऱ्याचंच वजन कमी होत असे. पण बावीस वर्षांत त्या एकदाही त्या खाटेवर झोपल्या नव्हत्या. नवा पंप आला, नवं यंत्र आलं, की आधी कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी झोपून चाचणी द्यायची असा खात्याचा रिवाज होता. मोठे डॉक्टर झोपले होते, वॉर्डातला रखवालदार झोपला होता, एकदा तर हिशेबनीसबाईसुद्धा झोपल्या. घड्याळबाईंची पाळी आली की नेमकी त्यांची पाठ धरायची.

पाठबीठ काही नव्हतं. इन्सुलिनची भीती होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. बाईंची मोठी बहीण, अक्का, चौतिसाव्या वर्षी गेली. तिला लहानपणापासून इन्सुलिन टोचावं लागे. एका दुपारी तिने टोचून घेतलं, पोटात मळमळतंय म्हणून जेवली नाही आणि जरा पडते म्हणाली. बाई तेव्हा कॉलेजात होत्या. त्याच खोलीत, चार हातांवर, परीक्षेचा अभ्यास करत बसल्या होत्या. अक्काच्या वरच्या ओठावर घाम दिसला. उकडत असेल बिचारीला, असं वाटून त्यांनी उठून पंख्याचा वेग वाढवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. आईने चहाला हाक मारली तेव्हा अक्का उठली नाही.

पंख्याची गोष्ट बाईंनी आईला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही. पुढे नोकरी शोधताना त्यांनी जाणूनबुजून हीच निवडली, का ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. रोज दुसऱ्याच्या अंगात इन्सुलिन जातं आहे, आपण डोळ्यांत तेल घालून बसलो आहोत आणि कोणी मरत नाही. एवढं रोज बघितलं की त्यांना बरं वाटे.

मग पडदे शिवणारी एक बाई आली. जाड, हसरी, बोटांना सुया टोचून टोचून चाळणी झालेली. चाचणीसाठी तिने नाव दिलं होतं, कागदावर सही करायची तेवढी बाकी होती. घड्याळबाईंनी नेहमीचं पुराण लावलं: काही होत नाही, मी बसलेली असते, दर पाच मिनिटांनी बघते, घाबरायचं काम नाही.

"तुम्ही झोपलाय का कधी या खाटेवर?" तिने विचारलं.

"माझं काम बसायचं आहे."

"ते झालं हो. पण झोपलाय का?"

"नाही."

"बावीस वर्षांत नाही?"

घड्याळबाईंनी सहीचा कागद तिच्यापुढे सरळ केला. त्या बाईने पेनाला टोपण घातलं, पेन टेबलावर ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग ताई, राग नका मानू. हलवायाने स्वतःचा माल चाखला नाही तर मी त्या दुकानातून घेत नाही." आणि गेली.

तीन दिवस बाईंच्या घशात ते वाक्य काट्यासारखं अडकून होतं. चौथ्या दिवशी नवा पंप आला, आणि मोठे डॉक्टर नेहमीसारखे "कोण झोपतंय?" म्हणून दारात उभे राहिले. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मी."

"पाठीचं काय?"

"पाठ गेली खड्ड्यात. लिहा माझं नाव."

डॉक्टर आणखी काही विचारणार होते, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी नाव लिहिलं.

सकाळी निघताना नवरा चहा पीत बसला होता. बाईंना उपाशी जायचं होतं, त्यामुळे तो कप लपवून पीत होता. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा साधा माणूस, लपवणं त्याला कधी जमलं नाही.

"अगं, हात थरथरतोय तुझा."

"थंडी आहे."

"कुठे आहे थंडी? मी बनियनवर बसलोय."

"अहो, तुम्हाला कधी कळली आहे का थंडी?" असं म्हणून त्यांनी चप्पल घातली, ती उलट्या पायात. बदलली. दाराबाहेर गेल्यावर परत आत आल्या आणि गॅस बंद आहे का ते पाहिलं. बंदच होता. त्यांनी आज तो लावलाच नव्हता, चहा नवऱ्याने केला होता.

खोली त्यांनी स्वतःच मांडली. खरं तर झोपणाऱ्याने मांडायची नसते, पण दुसऱ्याने मांडलेल्या खोलीत त्या झोपल्या असत्या हे संभवत नाही. दुसरा म्हणजे 'रेडिओ'. पंचेचाळिशीचा हा तंत्रज्ञ रक्तपेढीतून वर्षभरापूर्वी बदलून आला होता. हात हलका, सुई अशी घालायचा की माणसाला कळत नसे, पण तोंड एकदा लागलं की बंद करायचं बटण नाही. आज बाईंच्या जागेवर तो बसणार होता.

बाईंनी इन्सुलिनचा पंप भरला. साखरेच्या पाण्याचा पंप भरला. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पिशवी उचलली आणि ऊबपेटीकडच्या खांबाला टांगली. रक्त काढायची नळी मध्ये गोठून बंद पडू नये म्हणून तिच्यातून मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन, थेंब थेंब सोडत ठेवतात. ती ही पिशवी. चष्मा खिशात होता. पिशवी लावणाऱ्याने लेबल मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने स्वतः बघून सही करायची असा नियम. बाई मोठ्याने म्हणाल्या, "सलाइन." रेडिओने मान वर न करता सही केली. बाईंनी टांगलेली पिशवी तपासायची म्हणजे त्याच्या दृष्टीने आगाऊपणा झाला असता.

मग त्या खाटेवर चढल्या. छत त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. छतावर पाणी झिरपल्याचा मोठा पिवळा डाग होता, आणि बावीस वर्षांत एकाही माणसाने त्याची तक्रार केली नव्हती याचं त्यांना नवल वाटलं.

"बाई, टोचतो हं," रेडिओ म्हणाला आणि म्हणेपर्यंत टोचून झालं होतं. डावा हात पेटीत, उजव्या दंडात दोन नळ्या. पायथ्याशी मोठे डॉक्टर कागद आणि पेन घेऊन बसले.

पहिलं रक्त काढलं. रेडिओने आकडा वाचला. "एकशे अठ्ठावीस."

"उपाशीपोटी?" बाई उसळल्या. "मला? कशी येईल?"

"घाबरलाय तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "भीतीने साखर चढते, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

सांगत होत्या. खरंही होतं ते. पण भीतीने चढलेली साखर वेगळी आणि रोगाने चढलेली वेगळी, आणि आकडा काही ते सांगत नाही. अक्काला होतं, मग आपल्याला का नसेल? इतकी वर्षं आपण स्वतःची साखर एकदाही बघितली नाही ती काय उगीच?

इन्सुलिन सुरू झालं. आत जाताना काही कळत नाही. दंडाला गार लागत नाही, झोंबत नाही. अक्काला तरी कुठे काही कळलं होतं?

"आकडा वरून खाली येतोय तोवर साखर सोडायची नाही," डॉक्टर म्हणाले. "नव्वदच्या जवळ आला की सुरू करू."

दर पाच मिनिटांनी रेडिओ यायचा. नळीतलं आधीचं पाणी ओढून टाकायचं आणि मग खरं रक्त घ्यायचं, अशी रीत. तो थोडंच ओढून टाकत होता. "बाईंचं रक्त उगीच कशाला वाया घालवा," असं त्याचं चाललं होतं, आणि त्याबरोबर मेहुण्याच्या नव्या घराचं आणि त्या घराच्या गळक्या नळाचं. एकशे एकोणीस. एकशे अकरा. एकशे चार. बाई पाठ केल्यासारखे आकडे ऐकत होत्या आणि छाती धडधडत होती. भीती आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. हजार माणसांना सांगितलं, आता स्वतःला सांग.

लहानपणापासून भीती वाटली की त्या पाढे म्हणायच्या. दाताच्या डॉक्टरकडे, परीक्षेच्या आधी, बाळंतपणात. विशेषतः सतराचा, तो जरा अडखळवतो म्हणून. आणि भीतीत तो भराभर यायचा, पळणाऱ्या माणसाच्या पायांसारखा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. त्यांनी सुरुवात केली. एकदा पूर्ण झाला. दुसऱ्यांदा पूर्ण झाला.

"पंच्याण्णव," रेडिओ म्हणाला.

"थोडी साखर सोडा. अगदी थोडी," डॉक्टर म्हणाले. मग दहा मिनिटं कागदावर काहीतरी मांडत बसले आणि जरा संकोचाने म्हणाले, "बाई, अर्ध्या तासावर इन्सुलिन जातंय आणि तुम्हाला जवळजवळ साखर लागतच नाही. पेशी फारच बहिऱ्या दिसताहेत. आपण नंतर नीट तपासू, हं. घाबरू नका."

घाबरू नका! माणसाला खोल पाण्यात ढकलून 'भिजू नका' म्हणावं तसं. पण बाईंना राग आला नाही, आणि हीच गोष्ट त्यांना विचित्र वाटली. राग यायला हवा होता. तो कुठेतरी लांब होता, शेजारच्या घरात भांडण चाललं असावं तसा. ओठांना मुंग्या येत होत्या. गुडघ्यांच्या मागे ओलं लागत होतं.

"मला कसंतरी होतंय," त्या म्हणाल्या.

"किती आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ब्याण्णव," रेडिओ म्हणाला. "आत्ताच काढलं. झकास आहे."

"आकडा उत्तम आहे, बाई. भीती आहे ती."

हे वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. शब्द न् शब्द. गेल्या बावीस वर्षांत ही खाट कितीदा म्हणाली असेल, 'मला कसंतरी होतंय', आणि कितीदा त्यांनी आकडा बघून हेच उत्तर दिलं होतं! आणि दरवेळी ते खरं निघालं होतं. घाम, धडधड, थरथर. भीतीची लक्षणं हीच आणि साखर उतरल्याची लक्षणंही हीच. दोघींनी एकच साडी नेसावी तशी. फरक सांगायला आकडा असतो, आणि आकडा ब्याण्णव होता. आता ओरडलं तर उद्या सगळा मजला सांगेल, घड्याळबाई पोरीबाळींसारख्या घाबरल्या. त्यांनी ओठ मिटले आणि पुन्हा पाढा धरला.

सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक.

सतरा सक.

पुढे काही नव्हतं. जिन्याची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं. त्यांनी मागून सुरुवात केली. पंच्याऐंशीपर्यंत आल्या. सतरा सक. खोलीत दोन माणसं होती, त्यातल्या एकाचं काहीतरी नाव होतं, गाणी लागतात त्यावरून. काय बरं?

"बाई, घाम आलाय तुम्हाला," तो माणूस म्हणाला. "ओठावर बघा किती. उकडतंय ना? थांबा, एसी वाढवतो."

त्याने हात वर केला, भिंतीवरच्या बटणाकडे.

"हात लावू नकोस त्याला!"

बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं. रेडिओ बटणापाशी पुतळ्यासारखा उभा राहिला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, प्रत्येक शब्द ढकलत आणावा लागत होता. "मला सतराचा पाढा येत नाहीये."

डॉक्टर हसले. "मलाही येत नाही, बाई."

"मला येतो! मला... येतो. आता येत नाही. कानाला टोचा."

"काय?"

"कानाला. माझ्या कानाला टोचून बघा. खणात. छोटं यंत्र. कानाला!"

"पण बाई, आपलं मोठं यंत्र त्याच्या दसपट अचूक आहे," रेडिओ म्हणाला. "आणि आत्ताच ब्याण्णव..."

"अरे गाढवा, टोच!"

वर्षभरात बाईंनी त्याला अरे केलं नव्हतं, गाढव तर लांबच. रेडिओने खण ओढला. घरोघरी असतं तसलं छोटं यंत्र काढलं. त्यांच्या कानाच्या पाळीला सुई लावली, थेंब पट्टीवर घेतला. पाच सेकंद. यंत्र पाचपासून उलटं मोजत येतं. बाई बघत होत्या, पण आकडे पाण्याखाली असल्यासारखे हलत होते. त्यांना वाटलं, ब्याण्णव आला तर मी मान्य करीन, डोळे मिटून पडून राहीन. आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की डोळे मिटायची फार इच्छा होते आहे, आणि त्या इच्छेने त्यांना आयुष्यात कधी नव्हती एवढी भीती वाटली.

"त्रेचाळीस," रेडिओ म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "डॉक्टर, त्रेचाळीस!"

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी इन्सुलिनचा पंप बंद केला, साखरेचा पूर्ण सोडला, स्वतः खाटेशी येऊन बाईंचा खांदा धरला आणि "बाई, माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा" असं घोकत राहिले. रेडिओ पाच मिनिटंही थांबेना, मिनिटामिनिटाला कान टोचत होता. एकावन्न. चौसष्ट. ऐंशी. बाईंचे दात वाजायला लागले. मग अंग एवढं थरथरलं की खाट हलली. मग छतावरचा डाग पुन्हा नुसता डाग झाला.

"सतरा सक एकशे दोन," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

रडणं आवरेपर्यंत कोणी काही बोललं नाही. रेडिओसुद्धा नाही, यावरून काय ते समजा. मग डॉक्टर उठून यंत्राकडे वळले. ब्याण्णव कुठून आले? यंत्रात दोष म्हणावा तर बाकी सगळं ठीक होतं. नळीत काही? रेडिओने नळी मागे मागे तपासत नेली, पेटीपासून खांबापर्यंत, आणि खांबाशी थांबला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"माझा चष्मा दे. आणि पिशवी काढून इकडे आण."

त्याने आणून दिली. बाईंनी चष्मा लावला. सलाइनची नव्हतीच ती, ग्लुकोजची होती. पाण्यासारखीच दिसते, लेबलची पट्टी फक्त निळ्याऐवजी हिरवी. म्हणजे ज्या नळीतून रक्त काढायचं तिच्यातच साखरेचं पाणी ठिबकत होतं. नळीतलं पाणी पुरतं ओढून न टाकता घेतलेल्या प्रत्येक रक्तात ते मिसळलं, आणि यंत्र प्रामाणिकपणे त्या मिश्रणाचा आकडा सांगत राहिलं. अंगात साखर घसरत होती आणि कागदावर सगळं झकास होतं. पेशी बहिऱ्या नव्हत्या. उलट, डॉक्टर नंतर म्हणाले त्याप्रमाणे, नव्वद किलोच्या अंगात इतक्या तिखट कानाच्या पेशी त्यांनी फार थोड्या बघितल्या होत्या.

आणि ग्लुकोज वरच्या फळीवर कसं गेलं? तेही बाईंना आठवलं. आदल्या दिवशी नव्या पंपाचं खोकं मावेना म्हणून त्यांनीच फळ्या बदलल्या होत्या. सलाइन खाली, ग्लुकोज वर. सकाळी हाताने जुन्या सवयीने वरची पिशवी घेतली, आणि तोंडाने न वाचताच 'सलाइन' म्हटलं. इन्सुलिनला एवढ्या घाबरल्या होत्या, की मिठाच्या पाण्याकडे बघायचं भानच राहिलं नाही.

चूक नोंदवायचा एक कागद असतो. त्यावर दोघांत भांडण लागलं.

"मी सही केली, बाई. न बघता. माझं नाव घालतो."

"पिशवी मी लावली."

"तुम्ही तर मरत होता!"

"म्हणून काय झालं? मरणाऱ्याची चूक नसते का? आण तो कागद."

"दोघांची नावं घाला," डॉक्टर म्हणाले, "आणि खाली माझंही. पहिला एकशे अठ्ठावीस आला तेव्हाच कान टोचायला हवा होता, ते मला सुचलं नाही."

कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, 'तंत्रज्ञ घाबरलेली होती.' डॉक्टरांनी वाचलं, असं कोणी लिहीत नाही म्हणाले, आणि तसंच पुढे पाठवलं.

घरी नवऱ्याने दोन्ही हातांवरच्या पट्ट्या बघितल्या, कानाची पाळी बघितली. "कान कशाला टोचले या वयात?" त्याने विचारलं. बाईंनी तोंड उघडलं ते पंख्यापासून सुरू केलं. अक्काचा पंखा. तीन तपांत पहिल्यांदा. सांगून झालं तेव्हा नवरा उठला, बंद पंख्याकडे एकदा बघितलं, पुन्हा बसला आणि म्हणाला, "अगं, तू एकोणीस वर्षांची होतीस." एवढंच म्हणाला. त्याने बाईंचं मन हलकं झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. पुढचे कितीतरी दिवस पिशवी हातात घेतली की त्या आधी चष्मा लावायच्या. लेबल त्या तीनदा वाचायच्या, रेडिओला वाचायला लावायच्या, आणि टांगल्यावर स्टुलावर चढून पुन्हा वाचायच्या.

नव्या पंपाची चाचणी राहिलीच होती. पुढच्या सोमवारी डॉक्टर दारात उभे राहिले, पण या वेळी कोणाला विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

"मी नाही," बाईंनी आधीच सांगून टाकलं. "स्पष्ट सांगते. मला भीती वाटते. पाठीचं काही नाही."

"मी झोपतो," डॉक्टर म्हणाले.

बाई आपल्या जागेवर, पेटीतल्या हाताशी बसल्या. नळीतलं पाणी पुरतं ओढून टाकलं, मग रक्त. सत्त्याऐंशी. नव्वद. ब्याण्णव. पन्नासाव्या मिनिटाला डॉक्टर जरा हलले, छताकडे बघत राहिले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, किती आहे आत्ता?"

"एक्क्याण्णव. का?"

"काही नाही. जरा घाम... म्हणजे तसं काही..."

रेडिओने तोंड उघडलं होतं; बाईंनी नुसतं बघितलं, त्याने मिटलं. आकड्याच्या कागदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खण ओढला, डॉक्टरांची मान एका हाताने वळवली आणि कानाच्या पाळीला सुई लावली. पाच, चार, तीन. बाईंचे स्वतःचेच हात घामेजले होते.

एकोणनव्वद.

"मग घाम कशाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता मी काय सांगू? तुम्ही डॉक्टर," बाई म्हणाल्या. "दहा मिनिटांनी पुन्हा टोचणार आहे, हलायचं नाही. आणि हात इकडे द्या, पाच मिनिटं झाली."